होडी नाही, चढ नाही, तरी मुळशीचं पाणी पोटभर: ड्रायव्हरसह गाडीच्या सेवेचा अनुभव

तलाव बघायला जायचं म्हणजे होडीत बसायचं, नाहीतर टेकडी चढून वरून बघायचं, असं धरूनच पुण्याच्या आसपासच्या सहली आखल्या जातात. या दोन्ही गोष्टी ज्यांना जमत नाहीत त्यांनी घरी बसावं असं कोणी तोंडाने म्हणत नाही, पण होतं तसंच. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. मावशी तिच्याहून लहान आणि चालायला बरी, पण पाण्याची भीती लहानपणापासूनची. होडी लांबच, धक्क्याच्या कडेलाही ती उभी राहत नाही. आणि दोघींनाही पाणी बघायची हौस दांडगी.

नवरात्र संपल्यावर कोथरूडमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडून ड्रायव्हरसह एर्टिगा घेऊन आम्ही मुळशी-ताम्हिणी केलं. त्यांचं नाव देत नाही, कारण कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात अशी गाडी देणारे बरेच आहेत आणि मी लिहितेय ते त्यातल्या कोणाकडेही गाडी सांगताना उपयोगी पडेल. माझं मत आधीच सांगते: गाडीला चांगले गुण, ड्रायव्हरकाकांना पैकीच्या पैकी, ऑफिसला जेमतेम. अशा सहलीत बिल किलोमीटरचं होतं, पण आपल्याला खरी गरज असते ती गाडी कुठे उभी करायची हे ठाऊक असलेल्या माणसाची.

तलाव कुठला, यावर घरात बरीच चर्चा झाली. भिगवणचं नाव मावशीनेच काढलं, रोहित पक्षी बघायला. पण एकतर त्यांचा हंगाम थंडीतला, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात ते जवळून बघायचे तर होडीत बसावं लागतं. काठावरून दिसतात ते लांबवर, गुलाबी रेघ म्हणून. शिवाय सोलापूर रस्त्याने शंभर किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं आईच्या पायांना झेपणारं नव्हतं. पवनेचा रस्ता देखणा आहे, तुंग, तिकोना, लोहगड गाडीतूनही दिसतात, पण काठाला तंबूवाल्यांची इतकी गर्दी झालीय की पाण्याजवळ टेकायचं तर बऱ्याच ठिकाणी कोणाच्या तरी आवारात शिरावं लागतं. भाटघर मला स्वतःला फार आवडतं. १९२८ सालचं ते जुनं दगडी धरण, भोरचा शांत रस्ता, वाटेत नसरापूरचं बनेश्वर. ते पुढच्या खेपेला ठेवलंय.

पानशेतला मात्र आईने सरळ नाही म्हटलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची, राहायला नारायण पेठेत. त्या धरणाच्या काठी बसून चहा प्यायचा विचारही तिला नको होता. आम्ही पुन्हा विषय काढला नाही. ज्यांच्या घरी अशी आठवण नाही त्यांना मात्र मी तो रस्ता आवर्जून सुचवेन. खडकवासल्याच्या चौपाटीवर न थांबता पुढे गेलं की डोणज्यापाशी सिंहगडाची गर्दी डावीकडे वळते आणि खानापूरपासून पुढे रस्ता बराच मोकळा होतो. ज्यांना दोन-अडीच तासांच्या वर गाडीत बसवत नाही त्यांच्यासाठी तो उत्तम आहे.

तर मुळशी. आता गाडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सहल इथेच जमते किंवा फसते.

गुडघे बदललेल्या माणसाला इनोव्हा आरामाची, असं सगळे सांगतात. बसल्यावर ती आरामाची आहेच, प्रश्न चढण्याचा आहे. तिचा तळ उंच, पाय बराच वर उचलावा लागतो. डिझायरसारख्या गाडीत उलट होतं, बसणं सोपं पण सीट इतकी खाली की उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. एर्टिगाची उंची आईला बरोबर बसली. तिची जागा पुढची, ड्रायव्हरशेजारची. सीट शेवटपर्यंत मागे सरकवली की पाय लांब करता येतात. बसायची पद्धत फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलेली: सीटकडे पाठ करून आधी तिच्या कडेवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. रेक्झिनच्या कव्हरवर अंग सरकतं, वेलवेटच्या कव्हरवर अडकतं. फोनवर मी सीट कव्हर कसलं आहे ते विचारलं तेव्हा ऑफिसमधला मुलगा गोंधळला, पण ड्रायव्हरकाकांना विचारून त्याने नीट सांगितलं. रेक्झिन होतं.

भाड्याच्या एर्टिगा बहुतेक सीएनजीवर असतात. टाकी डिकीत, म्हणून मागे सामानाला जागा उरत नाही. आईचा वॉकर ठेवायला तिसरी रांग आडवी करावी लागते, म्हणजे गाडी सात जणांची असली तरी आपण चार-पाचच बसायचं. दुसरं म्हणजे गॅस आदल्या रात्री भरून ठेवायला सांगायचं. सकाळी पंपावरच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि म्हातारी माणसं निघाल्यानिघाल्याच कंटाळतात. काकांनी तो न सांगता भरून आणला होता.

तिसरी गोष्ट मागच्या खिडक्यांवरचे जाळीचे पडदे. उन्हासाठी लावलेले असतात, पण त्यातून पाणी सगळं करडं दिसतं. मी म्हटलं, "काका, हे काढता येतील का?" ते म्हणाले, "काढूनच ठेवतो ताई, तुम्हाला तलाव बघायचाय ना." इतकं साधं, पण यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणची गाडी घेतली होती तेव्हा तो ड्रायव्हर पडद्यांना हात लावू देईना, आणि मावशीने अख्खा प्रवास समोरच्या काचेतून वाकून बघत केला होता.

मंगळवारी सकाळी सातला निघालो. चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथला खोळंबा कमी झालाय, खरी कोंडी आता भूगावच्या अरुंद रस्त्यात होते, आणि पिरंगुटला कारखान्यांच्या पाळीची गर्दी. आठच्या आत पिरंगुटचा घाट उतरलात तर पौडपर्यंत सुखाने जाता. रविवारी हा रस्ता घेऊच नये. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर अजिबातच नाही. ताम्हिणीकडे जाणारी निम्मी गर्दी तेव्हा धबधब्यांसाठी असते, जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, गाडी कडेला घ्यायला जागा नसते आणि वॉकर घेऊन उतरणाऱ्या बाईसाठी कोणी थांबत नाही.

पौडच्या अलीकडे एका हॉटेलात काकांनी गाडी घेतली. मी म्हटलं, इतक्यात कशाला, पुढे बघू. ते हळूच म्हणाले, "ताई, इथे कमोड आहे आणि आत पायरी नाही. पुढे चांगली हॉटेलं आहेत, पण आजींना हे बरं." माझ्या दृष्टीने या सेवेचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. गुडघे बदललेल्या माणसाला खाली बसून शौचालय वापरता येत नाही, आणि म्हणून अशी कितीतरी माणसं सहलीला निघण्याआधी पाणी पिणंच बंद करतात. आईही तेच करायची. त्या दिवशी तिने चहा घेतला, वर पाण्याची बाटलीही संपवली.

मुळशीनंतर उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं. आधी झाडांतून तुकड्यातुकड्याने, मग माले गावाच्या पुढे एकदम उघडं. पाऊस संपता संपता तलाव काठोकाठ असतो, समोरचे डोंगर अजून हिरवे, आणि सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असल्याने पाण्याचा रंग खरा निळा दिसतो. मी लगेच म्हटलं, थांबूया. काका म्हणाले, जाताना नको.

त्यांचं कारण ऐका, ते मी आजवर कुठल्याही प्रवासवर्णनात वाचलेलं नाही. जाताना तलाव रस्त्याच्या पलीकडे असतो. गाडी डावीकडे उभी करायची आणि म्हाताऱ्या माणसांना धरून हायवे ओलांडायचा, तोही वळणावर, समोरून माणगावकडून ट्रक येत असताना. येताना तोच तलाव डाव्या हाताला येतो. गाडी कडेला घेतली, दार उघडलं की समोर पाणी. उतरायचं नसेल तर आत बसूनही दिसतं, आणि पुढच्या डाव्या सीटवर बसलेल्या माणसाला सगळ्यात छान दिसतं. म्हणून जाताना फक्त गाडी हळू चालवायची, थांबे सगळे परतीचे. जाताना मावशीला मधल्या रांगेत उजवीकडे बसवलं, येताना डावीकडे. पानशेतच्या रस्त्यालाही हेच लागू आहे, तिथेही खडकवासल्याचं पाणी जाताना उजवीकडे राहतं.

ताम्हिणी गावात विंझाई देवीच्या देवळापर्यंत गेलो. बऱ्याच सीकेपी घरांची ही कुलदेवता, आमच्या शेजारच्यांची आहेच, त्यांनी ओटीचं सामान दिलं होतं. सकाळच्या वेळी अगदी निवांत होतं. आईने मंडपात खुर्ची टाकून चांगला अर्धा तास काढला. घाट उतरून खाली कोकणात जायचा मोह काकांनीच मोडला. वळणं जास्त, उतार तीव्र, आणि तलाव तर मागेच राहतो. नकाशात हा सगळा एकच रस्ता दिसतो, पण आपल्यासाठी तो ताम्हिणी गावात संपतो. देवळापाशी फोनला रेंज नव्हती, पुढेमागेही येऊन-जाऊन होती, तेव्हा सुट्ट्या नोटा जवळ असू द्या. चहावाल्याकडे स्कॅन करायचा कागद होता, पण पैसे जात नव्हते.

परतीचे थांबे तीन. पहिल्या ठिकाणी आम्ही उतरलोच नाही. रस्त्याला खडीची रुंद पट्टी आहे, गाडी तिरकी लावली की समोरची काच भरून पाणी आणि त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत. काकांनी इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. तिथेच आईने विचारलं, "इथे गावं होती ना हो?"

काका मुळशी तालुक्यातलेच. त्यांच्या पणजोबांची भातखाचरं याच पाण्याखाली गेली. ते बोलायला लागले आणि मी घड्याळ बघायचं सोडलं. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते आणि याच लढ्यातून ते सेनापती बापट झाले, हे शाळेत आपण एका ओळीत शिकतो. काकांनी ते बोट दाखवून सांगितलं. त्या समोरच्या टेकाडाच्या खाली वस्ती होती, पलीकडच्या बाजूला खाचरं, आंबेमोहोर पिकायचा. टाटांचं हे धरण विजेसाठी. मुळा नदी खरी पूर्वेला वाहणारी, पुण्यात येऊन मुठेला मिळणारी, पण इथे अडवलेलं पाणी उलटं पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलंय. तिथून ते कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला लोक ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात ते हेच. आईने मान हलवली आणि विचारलं, "मग तुमच्या पणजोबांना जमीन मिळाली का दुसरी?" काका म्हणाले, "डोंगरावर सरकले आजी. अजून तिथेच आहे आमचं घर." पुढे कोणी काही विचारलं नाही. खूप वेळ आम्ही नुसते बघत बसलो.

मावशीला दुसरा थांबा आवडला. तिथे रस्त्याच्या कडेला कठडा आहे, पाणी बरंच खाली, म्हणून तिला भीती वाटली नाही. ती गाडीला हात टेकवून उभी राहिली आणि खाली उतरणाऱ्या बगळ्यांकडे बघत राहिली. पाण्यात उतरायच्या वाटा पुढे बऱ्याच दिसतात, पायवाट सोपी वाटते, पण गाळ फसवा असतो आणि काठ एकदम खोल होतो. धडधाकट मुलांनीही तिथे जाऊ नये असंच मी सांगेन.

तिसऱ्या थांब्याला जेवण. तलावाच्या दिशेला गच्ची असलेली दोन-तीन हॉटेलं या पट्ट्यात आहेत. आम्ही एका साध्या खानावळीत बसलो, गच्ची नव्हती, मागचं अंगण होतं आणि अंगणातून पाण्याची एक पट्टी दिसत होती. पिठलं, तांदळाची भाकरी, लसणीचा ठेचा, इंद्रायणीचा गुरगुट्या भात, वर तूप. पिठलं दाट आणि नीट शिजलेलं, कच्च्या डाळीच्या पिठाचा वास नव्हता. ठेचा फार तिखट, म्हाताऱ्या माणसांसाठी आधी दही मागवा. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि बिनहाताच्या, आईला उठताना आधार मिळेना. काकांनी आतून मालकांची हाताची लाकडी खुर्ची आणून दिली. निघताना मालकीणबाईंकडून पाच किलो इंद्रायणी घेतला, नवा तांदूळ अजून यायचा होता, पण जुनाच भाताला बरा म्हणाल्या, आणि खरोखर तो छान शिजतोय.

एक गोष्ट वेळेची. दुपारी तीननंतर सूर्य तलावाच्या बाजूला कलतो आणि परतताना सगळी चमक डोळ्यांत येते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला ती चमक सोसत नाही. आम्ही अडीचच्या सुमारास शेवटचं पाणी मागे टाकलं आणि साडेचारला घरी होतो. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर गोष्ट वेगळी, पण मग भूगावची संध्याकाळची कोंडीही तुमच्या वाट्याला.

आता ऑफिसचे गुण का कापले ते. फोनवर त्यांनी आठ तास ऐंशी किलोमीटरचं पॅकेज सांगितलं आणि त्यात बसेल म्हणाले. ताम्हिणीपर्यंत जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात हे त्यांना माहीत नसणं शक्य नाही. त्यात मोजणी आपल्या दारापासून नाही, त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. वेळही तसाच. आमच्यासाठी सात वाजता सुरू झालेला दिवस त्यांच्या कागदावर साडेसहाला सुरू झाला होता. जादा किलोमीटर, जादा तास आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून बिल चार हजारांच्या थोडं आत आलं. तिघींच्या अशा दिवसासाठी ते मला जास्त वाटत नाही. आधी नीट सांगितलं असतं तर मी आनंदाने दिलं असतं, तेवढंच माझं म्हणणं आहे. ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबरही रात्री दहानंतर आला, तोही दोनदा फोन केल्यावर. घरात दोन म्हाताऱ्या माणसांची तयारी चालू असताना हा घोर नको वाटतो.

मालकांना मी हे सगळं फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी तेच काका हवे असतील तर चार दिवस आधी सांगा म्हणाले. ते मी सांगणारच आहे, भाटघरसाठी, दिवाळीनंतर पाणी उतरायच्या आत.

तुम्ही दुसऱ्या कुठल्या ट्रॅव्हल्सकडे गाडी सांगत असाल तर मॉडेलच्या आधी ड्रायव्हर त्या तालुक्यातला आहे का ते विचारा. मग किलोमीटर कुठून मोजणार ते विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पडदे काढायला सांगा, गॅस आदल्या दिवशी भरायला सांगा. आणि चढताउतरताना पायाखाली घ्यायला घरातला एक ठेंगणा, जड, न सरकणारा लाकडी पाट गाडीत टाका, प्लॅस्टिकचं स्टूल खडीवर घसरतं.